काचेपलीकडचं वाचन

निवेदकाला त्याच्या नावाने हाक मारणारं आता फारसं कुणी उरलं नव्हतं. एकतीस वर्षं त्याने रेडिओवर बातम्या वाचल्या होत्या, आणि ज्या आवाजावर लोकांनी आपापली घड्याळं लावली तो आवाज माणूस निवृत्त झाला म्हणून काही मुका होत नाही. तो दुसरीकडे कुठेतरी जागा शोधतो. निवेदकाच्या आवाजाला ती चर्चमध्ये सापडली. दर रविवारी उपासनेत शास्त्रवाचन करायचं काम आधी त्याच्याकडे आलं आणि बघता बघता त्याचंच होऊन बसलं. पाळकसाहेबांचा उपदेश चालू असताना लोक हळूच मनगटाकडे बघत, पण वाचनाच्या वेळी टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता असे. निदान निवेदकाचं तसं मत होतं, आणि बायको सोडली तर त्या मताला विरोध करणारं कुणी नव्हतं.

रेडिओने त्याला एक कसब शिकवलं होतं. हातात मजकूर दहा मिनिटांचा आणि वेळ सात मिनिटांचा, असं तिथे रोजचंच. अशा वेळी वाचता वाचताच गाळायचं असतं. डोळ्यांनी दोन ओळी पुढे जायचं, नको असलेल्या मजकुराच्या कडेला येऊन एक लहानसा श्वास घ्यायचा आणि पलीकडच्या वाक्यावर असं अलगद उतरायचं, की मधे काही होतं याचा ऐकणाऱ्याला पत्ताच लागू नये. नवशिका तिथे अडखळतो, खाकरतो, नाहीतर आवाज चढवतो. निवेदक नुसता श्वास घ्यायचा.

चर्चमध्येही ते कसब कामाला आलं. पाळकसाहेब शनिवारी वाचनाचा कागद पाठवत आणि त्यात काही ओळींना पेन्सिलीने कंस केलेले असत. कंसातलं वाचायचं नाही, अशी रीत. सुरुवातीला कारण साधं होतं, उपासना सव्वा तासात आटपली पाहिजे. पण हळूहळू कंस ठरावीक जागीच पडू लागले. स्तोत्रांना ते कधी लागत नसत, शुभवर्तमानाला क्वचित. लागत ते जुन्या इब्री संदेष्ट्यांना, आणि त्यातही ते रागावले असतील तिथे. सांत्वनाच्या ओळी तेवढ्या मोकळ्या राहत. वर्षभरात त्या सगळ्या कडक, उन्हाने रापलेल्या माणसांचे पाळकसाहेबांनी मोठे गोड आजोबा करून टाकले होते.

बुधवारच्या अभ्यासवर्गात या विषयावर एकदा चर्चाही झाली. विषय होता, त्या प्राचीन संदेष्ट्यांचं आजच्या विश्वासणाऱ्याला काय? पाळकसाहेब म्हणाले, की त्यांनी दोन कामं केली. तारणारा येणार म्हणून सांगितलं, तो आला. आणि आपल्या काळच्या लोकांना फटकारलं, ते लोक कधीच मातीला मिळाले. आपल्याला पहिलं पुरे. त्यावर निवेदकाने आपल्या भरदार आवाजात एक वाक्य टाकलं, ते फार गाजलं. "पाकिटावर पत्ता दुसऱ्याचा असेल, तर आपण कशाला फोडायचं?" सगळे हसले, पाळकसाहेबांनी वहीत लिहून घेतलं. घरी परतताना बायको मात्र म्हणाली, "आणि सांत्वनाचं पाकीट आलं, की त्यावर बरा आपलाच पत्ता असतो!" निवेदकाने ते हसण्यावारी नेलं.

हे सगळं चाललं होतं तेव्हा चर्चच्या बाजूच्या भिंतीला एक मोठी काच बसून चार महिने झाले होते. काचेच्या पलीकडे तान्ह्या मुलांच्या आयांसाठी खोली होती. तिथे बसून त्यांना उपासना दिसायची, भिंतीवरच्या स्पीकरमधून ऐकू यायची, आणि लेकरांनी कितीही टाहो फोडला तरी त्याचा आवाज इकडे येत नसे. सोय उत्तम होती. ती खोली आधी खोली नव्हती, दोन खोल्यांचं घर होतं. तिथे घंटावाल्या काकू राहायच्या.

काकूंचा नवरा चर्चची घंटा वाजवायचा, झाडलोट करायचा, दिवे बघायचा. तो गेल्यावर घंटेचा दोर काकूंनी धरला आणि त्या दोन खोल्यांत तशाच राहिल्या. तो निवेदकाचा मित्र होता. पहाटेच्या बातम्या वाचून निवेदक परत यायचा तेव्हा चर्चच्या पायरीवर दोघांचा चहा व्हायचा, पावसाळा असो की उन्हाळा. मित्राला माती दिली त्या दिवशी त्याच पायरीवर निवेदक काकूंना म्हणाला होता, "वहिनी, माझ्या गळ्यात आवाज आहे तोवर तुम्हाला इथून कुणी हलवणार नाही." बोलताना त्याचे डोळे भरून आले होते. शब्द खरा होता. त्या दिवशी तरी तो अगदी खरा होता.

मग नऊ वर्षांनी घंटेला यंत्र बसलं आणि मंडळींना खोली हवीशी झाली. पंचांची बैठक झाली, ठराव झाला, काकूंना त्यांच्या भाचीकडे पोचवायला एक टेम्पो ठरवण्यात आला. आजवरच्या सेवेबद्दल त्यांना भिंतीवरचं एक घड्याळ देण्यात आलं. निवेदकही पंचांपैकी एक होता. "सगळ्यांचंच मत पडलं, मी एकटा काय करणार?" असं त्याने त्या संध्याकाळी बायकोला सांगितलं, आणि ती काही बोलली नाही म्हणून विषय मिटला असं त्याने धरलं. टेम्पो आला त्या दिवशी त्याला बरं नव्हतं.

पहिली गोष्ट घडली ती अगदी क्षुल्लक होती. एका रविवारी उपासना संपल्यावर जुळ्यांची आई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ही मुलगी तशी अबोल, दोन पोरांनी बेजार झालेली, नेहमी कुणाचा तरी एक मोजा शोधत असलेली.

"काका, आज ते वाचलंत ना, अंगावर काटा आला हो," ती म्हणाली.

"कुठलं गं?"

"ते शेवटचं. बायकांना राहत्या घरातून बाहेर काढतात त्यांचं."

निवेदक हसला. त्या ओळी त्या दिवशीच्या भागात होत्या खऱ्या, पण कंसात होत्या. त्या त्याने वाचल्या नव्हत्या. "तू पुस्तकात बघत असशील," तो म्हणाला.

"पुस्तक? एका मांडीवर एक, दुसऱ्या मांडीवर दुसरं. माझा हात मोकळा असतो का काका?" ती हसून म्हणाली आणि खाली पडलेलं टोपडं उचलून निघून गेली.

निवेदकाने ते मनावर घेतलं नाही. पूर्वी कधीतरी ऐकलेलं तिच्या डोक्यात राहिलं असेल, झोपमोड झालेल्या माणसाला काहीही ऐकू येतं. तरीही सोमवारी, काही निमित्त नसताना, तो चर्चकडे गेला आणि काचेची खोली उघडून आत उभा राहिला. खुर्च्या, खेळणी, भिंतीवर स्पीकर. व्यासपीठावरच्या मायक्रोफोनपासून एकच वायर निघून भिंतीच्या कडेने तिथवर आली होती, दुसरं काही नव्हतं. एका कोपऱ्यात फरशीवर काकूंच्या शेगडीचा काळा डाग होता. तो काही केल्या निघेना, म्हणून त्यावर चटई टाकली होती, आणि चटईवर लाकडी ठोकळे. तो फार वेळ थांबला नाही.

पुढच्या रविवारी कंस मोठा होता. देव आपल्याच लोकांच्या गाण्यांना विटला आहे, त्यांचे मेळावे त्याला नकोसे झाले आहेत, त्याला न्याय हवा आहे, अशा अर्थाच्या त्या ओळी. गानवृंदाला नवे झगे मिळाले होते, त्या दिवशी हे कुठे वाचणार? निवेदक कडेला आला, त्याने श्वास घेतला आणि पलीकडे उतरला. उत्तम जमलं. पहिल्या रांगेतल्या पाळकसाहेबांनीही समाधानाने डोळे मिटले.

बाहेर चहाच्या वेळी एक आजी नातवाला खांद्यावर टाकून त्याच्याकडे आल्या. "धाडस केलंत बरं का," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "नव्या झग्यांच्या दिवशीच! पण वाचताना तुमचा आवाज जरा निराळा लागला. सर्दी आहे का?"

निवेदक "हो, थोडी," म्हणाला. का म्हणाला ते त्यालाच कळलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. कुणी काही विचारलं नसताना त्याचे कान तापले. पाळकसाहेबांना सांगावं असं त्याला वाटलं. पण काय सांगणार? मी जे वाचत नाही ते ऐकू येतं म्हणून?

शेवटी तिसऱ्या रविवारी त्याने बायकोला काचेच्या खोलीत बसायला सांगितलं.

"मी? या वयात?" ती म्हणाली.

"स्पीकर खरखरतो म्हणतात. जरा ऐक तिथून."

तिला ते खरं वाटलं नसावं, पण ती गेली. व्यासपीठावरून त्याला ती दिसत होती, जुळ्यांपैकी एकाला मांडीवर घेऊन बसलेली. त्या दिवशी त्याने मुद्दाम वेगळं केलं. कंसाच्या कडेला आल्यावर नुसता श्वास न घेता तो थांबला, पेला उचलला, दोन घोट पाणी प्यायला, पेला खाली ठेवला आणि मगच पुढचं वाक्य वाचलं. पाणी पिताना त्याने पेल्यावरून काचेकडे पाहिलं. पलीकडच्या सगळ्या बायकांनी माना वर केल्या होत्या आणि त्या स्पीकरकडे बघत होत्या. त्याची बायको तेवढी त्याच्याकडे बघत होती.

घरी पोचून चपला काढताना ती म्हणाली, "तुम्ही पाणी पीत होता."

"हो."

"तुमच्या तोंडाला पेला होता, आणि तुम्ही वाचत होता. तुमचाच आवाज. एकतीस वर्षं ऐकलाय मी तो. चहा उकळताना ऐकलाय, मुलं तापाने फणफणली होती तेव्हा ऐकलाय. मला नाही चुकायचा."

"काय वाचत होतो?"

"जे वाचायला हवं होतं तेच," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

निवेदकाला भीती वाटायला हवी होती. वाटली ती लाज. आपल्या मागे आपलाच कुणीतरी उभा राहून, आपण झाकलेलं एकेक करून उघडं मांडतोय, आणि ते आपल्यापेक्षा चांगलं वाचतोय, असं काहीतरी त्याला वाटत राहिलं. आठवडाभर तो खोल्यांतून नुसता येरझाऱ्या घालत होता. मग शुक्रवारी त्याला एकदम सोपं उत्तर सापडलं. वाचून टाकायचं. कंसातलंही सगळं, एक ओळ न सोडता. झाकलेलंच काही उरलं नाही, तर उघडं कोण काय करणार? या विचाराने त्याला इतकं हलकं वाटलं, की त्या दिवशी त्याने दाढी करताना गाणंसुद्धा म्हटलं.

चौथ्या रविवारी त्याने वाचलं. एका गावाबाहेरच्या माणसाने हजारो वर्षांपूर्वी भरल्या पोटाच्या लोकांना ऐकवलेलं ते सगळं, हस्तिदंती पलंगांविषयी, वेशीतल्या खोट्या न्यायाविषयी, गरिबाला बाजूला ढकलण्याविषयी. आवाज लागला होता. एकतीस वर्षांत लागला नव्हता असा लागला होता. मधे पाळकसाहेब जागच्या जागी चुळबुळले, कुणीतरी खोकलं, आणि निवेदकाला, खरं सांगायचं तर, मनातून थोडा अभिमानही वाटला. पत्ता दुसऱ्याचा म्हणून आपणच टोलवलेलं पाकीट आपण भर सभेत फोडलं होतं. काचेपलीकडे त्याने पाहिलं, तर आया आपापल्या पोरांशी खेळत होत्या. कुणाचंच स्पीकरकडे लक्ष नव्हतं. मग अगदी शेवटी, तो पुस्तक मिटत असताना, सगळ्यांनी एकदम माना वर केल्या.

दाराशी पाळकसाहेबांनी त्याचा हात नेहमीपेक्षा कमी वेळ धरला. "कंस दिसले नाहीत वाटतं?" एवढंच ते म्हणाले. जुळ्यांची आई घाईत होती. "काका, आज स्पीकर बंदच पडला होता, काही ऐकू आलं नाही," ती जाता जाता म्हणाली. "फक्त शेवटी एकदा तुमचा आवाज आला. 'नाही' म्हणालात. कुणाला म्हणालात?"

बायको त्या दिवशीही काचेच्या खोलीतच बसली होती. रोज सकाळी चहाबरोबर निवेदक तिला पेपर वाचून दाखवायचा. तिची जवळची नजर अधू झाल्यापासूनची ती रीत होती, आणि त्याच्या दिवसातलं तेच एक वाचन असं होतं, की ज्यात तो काही गाळत नसे, अगदी भांड्यांच्या सेलची जाहिरातसुद्धा नाही. रविवारी तो पेपर उपासनेनंतर व्हायचा. त्याने घडी उलगडली तेव्हा ती म्हणाली, "राहू दे तो. 'नाही' कशाला म्हणालात?"

"तो स्पीकर..."

"मी स्पीकरला विचारत नाहीये. तुम्हाला विचारतेय."

आणि मग त्याने सांगितलं. खिडकीकडे तोंड करून सांगितलं, कारण तिच्याकडे बघून सांगणं त्याला जमेना. काचेची खोली हवी ही मागणी आयांची नव्हती. ती त्याची होती. वाचनाच्या वेळी पोरं रडतात, वचनाचा विचका होतो, अशी तक्रार त्यानेच दोनदा पाळकसाहेबांकडे केली होती. बैठकीत विषय निघाला तेव्हा पाळकसाहेब पेन खाली ठेवून म्हणाले होते, "एक विचारून घेऊ या. त्या बाईंना इथे राहण्याबद्दल कुणी शब्द दिलाय का? दिला असेल तर आपल्याला पाळावा लागेल." पाळकसाहेबांनी ते मनापासून विचारलं होतं. आणि निवेदक म्हणाला होता, "नाही." आवाज चढवला नव्हता, खाकरला नव्हता. पुढचा विषय लगेच सुरू झाला.

"गप्प बसला असतात, तरी मी समजले असते," बायको म्हणाली. "माणसं गप्प बसतात. पण त्या पायरीवर मीही उभी होते हो. तुम्ही तिला शब्द दिलात तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता."

"मला माहीत आहे."

"माहीत होतं तरी म्हणालात."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं माणसं म्हणतात, पण ती कधी दुभंगत नाही. माणसाला तिथेच, त्याच खुर्चीत, अर्धवट उलगडलेला पेपर घेऊन बसून राहावं लागतं.

"तिच्याकडे जा," बायको उठत म्हणाली. "बाकी काही सांगितलं नाहीत तरी चालेल. ते एक सांगा, की तुम्ही नाही म्हणालात. तिला वाटत असेल, देवाच्या घरात कुणाला तिची आठवण राहिली नाही. तुम्हाला होती हे तिला कळू दे. ते सांगून याल, मग वाचून दाखवा मला पेपर. तोवर नको."

तो आठवडा फार लांब गेला. रोज सकाळी पेपर यायचा आणि टेबलावर घडी न मोडता पडून राहायचा. बायको जेवायला वाढायची, औषधाची आठवण करायची, सगळं नेहमीसारखं करायची. त्याचा आवाज तेवढा तिला चालत नव्हता. निवेदकाने मनातल्या मनात ते वाक्य शंभरदा म्हणून पाहिलं. 'वहिनी, त्यांनी विचारलं, शब्द दिलाय का, आणि मी नाही म्हणालो.' सोपं होतं. वाक्य लहान होतं, त्यात एकही जड शब्द नव्हता. भूकंपाच्या बातम्या न चळता वाचणाऱ्या माणसाला हे काय अवघड?

पाचव्या रविवारी त्याने पाळकसाहेबांना येत नसल्याचं कळवलं आणि उपासनेच्याच वेळी तो काकूंच्या भाचीच्या इमारतीत पोचला. भाचीकडची माणसं रविवारी बाहेर जातात, काकू एकट्या असतात, असं त्याला बायकोने सांगितलं होतं. तिसरा मजला. दार सताड उघडं होतं. आत, काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत एक खाट, घड्या घातलेले कपडे, एक प्लास्टिकची बादली आणि चर्चने दिलेलं घड्याळ. काकू दाराकडे तोंड करून खुर्चीत बसल्या होत्या. त्या वाळल्या होत्या, पण केस नीट विंचरलेले होते.

"आलात?" त्या म्हणाल्या. "आज लवकर आलात."

वयाचं असेल, निवेदकाला वाटलं. त्याने बसायचं नाकारलं. उभ्यानेच सांगायचं असं त्याने ठरवलं होतं, म्हणून तो उंबरठ्यावरच उभा राहिला आणि सांगू लागला. मित्राविषयी सांगितलं. पायरीविषयी, तिथे दिलेल्या शब्दाविषयी सांगितलं. पोरांच्या रडण्याची तक्रार आपणच केली हेही सांगितलं, आणि ते सांगताना आवाज थरथरला. टेम्पो आला त्या दिवशी आपण आजारी नव्हतो, हेही सांगितलं. हळूहळू वाक्यांना लय आली. जिन्यात आवाज छान घुमत होता. आपण चांगलं बोलतोय हे त्याला जाणवलं, आणि अशा वेळीही आपल्याला ते जाणवतं याची त्याला इतकी लाज वाटली, की त्याने त्या लाजेविषयीही दोन वाक्यं सांगितली. मग बैठक आली. पंच कसे बसले होते, विषय कसा निघाला, पाळकसाहेबांनी पेन कसं खाली ठेवलं. दोन ओळी पुढे त्याला ते वाक्य दिसत होतं. तो त्याच्या कडेला आला. त्याने एक लहानसा श्वास घेतला.

"...आणि ठराव झाला, वहिनी," तो म्हणाला. "मी तुमच्यासाठी उभा राहिलो नाही. मला क्षमा करा."

कुठेही सांधा दिसला नव्हता. तो अलगद उतरला होता. आपण काय केलं हे त्याला दोन क्षणांनी कळलं.

"झालं?" काकूंनी विचारलं.

"झालं."

"गंमत आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "दर रविवारी येता तेव्हा यातलं काहीच बोलत नाही तुम्ही. चार रविवार झाले. असेच दारात उभे राहता, 'त्यांनी विचारलं आणि मी नाही म्हणालो' एवढं एकच सांगता, आणि जाता. पाणीसुद्धा घेत नाही. आज बाकीचं सगळं सांगितलंत, आणि तेवढंच ठेवलंत."

"वहिनी, मी आज पहिल्यांदाच आलोय."

काकूंनी मान जराशी कलती केली. दोन सारख्या भांड्यांतलं आपलं कुठलं हे बघावं तसं त्यांनी त्याला नीट निरखलं, कपाळापासून चपलांपर्यंत.

"खरंच की," त्या म्हणाल्या.

निवेदकाने तोंड उघडलं. अजूनही सांगता येत होतं. शब्द एकच होता, दोन अक्षरांचा, त्यांना आधीच ठाऊक असलेला. आपल्या बायकोला आपला आवाज पुन्हा हवासा वाटावा यासाठी तेवढा एक शब्द पुरे होता. त्याने ओठ हलवले, छाती भरून घेतली, पुन्हा ओठ हलवले. एकतीस वर्षं कधी दगा न दिलेल्या गळ्यातून काहीच बाहेर आलं नाही. त्याचे डोळे भरून आले, आणि काकू ते शांतपणे पाहत होत्या.

मग त्यांनी भिंतीवरच्या त्या घड्याळाकडे पाहिलं, साडीची निरी सारखी केली, केसांवरून हात फिरवला आणि खुर्चीत जरा ताठ बसल्या.

"दारातून बाजूला व्हा जरा," त्या म्हणाल्या. "त्यांची यायची वेळ झाली."

निवेदक बाजूला झाला.